हाताने बघणाऱ्या माणसाची गाडी

गिऱ्हाइकाने माझ्या हातोडीला हात लावला की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं, पण आता हातोडी भिंतीला टांगलेली आहे आणि गिऱ्हाईक पुतण्याकडे जातं, त्यामुळे घरात शांतता आहे. राहात्याला हायवेच्या कडेला एका लिंबाखाली माझं गॅरेज होतं. इंजिनवाला मिस्त्री वेगळा, मी पत्र्याचा. लोक आम्हाला डेंटर म्हणतात आणि इंजिनवाले मिस्त्री आमच्यामागे आम्हाला ठोकेवाले म्हणतात. म्हणोत बापडे. इंजिन बिघडलं तर माणूस गाडी ढकलत आणतो, पत्रा चेपला तर तोंड लपवत आणतो. तोंड लपवणाऱ्या माणसाशी गोड बोलणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग, आणि तो मला कधीच जमला नाही.

आमच्या कामाचा एकच कायदा आहे. अपघात उलटा चालवायचा. म्हणजे असं, की गाडी ठोकली तेव्हा आधी बंपर गेला, मग त्याच्यामागचा पत्रा, त्याला आम्ही शो म्हणतो, मग मडगार्ड दुमडलं, आणि सगळ्यात शेवटी बॉनेट वर उचललं. काढताना आधी बॉनेट, मग मडगार्ड, मग शो. शेवटचा पोचा आधी काढायचा. उलटसुलट केलं तर पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा हट्टी पोरासारखा, इकडे दाबला की तिकडे फुगतो. म्हणून गाडी आली की मी पहिला प्रश्न विचारायचो, नेमकं झालं काय? आणि गिऱ्हाईक पहिलं वाक्य खोटं बोलायचं. सगळ्यांचं एकच, "मी माझ्या साईडनं चाललो हुतो, समोरचाच आडवा आला." समोरचा कधी कधी विजेचा खांब असायचा.

काष्टीच्या बाजारातून खोंड घेऊन येणारा एक टेम्पोवाला मात्र खरं बोलला होता. खोंडाने आतून लाथा घालून टेम्पोचा पत्रा बाहेर काढलेला. आयुष्यभर मी आत गेलेला पत्रा बाहेर काढला, त्या दिवशी बाहेर आलेला आत घातला. टेम्पोवाला म्हणाला, "मिस्त्री, समद्यात शेवटची लाथ हितली हाय, मी मोजत हुतो." त्याचं काम मी अर्ध्या दिवसात करून दिलं. खऱ्याला वेळ कमी लागतो.

दुसरं खरं बोलणारं गिऱ्हाईक म्हणजे सुमनकाकू. त्यांचीच गोष्ट सांगायला बसलोय.

नव्वद सालाच्या पुढचा काळ होता. मारुती गावोगाव दिसायला लागल्या होत्या. कारखान्यांचा सीझन चालू होता, कोपरगावकडचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. एका सकाळी ट्रॅक्टरने ओढत एक गाडी माझ्या दारात आली. ताडपत्री झाकलेली, तरी मी ओळखली. आमच्या भागात तसली एकच होती. दोन दारांची, दोनच माणसांची, बसकी, लांब नाकाची विलायती स्पोर्ट गाडी. रंग पेरूच्या जुन्या पानासारखा हिरवा. साखर कंपनीचा एक गोरा इंजिनियर मायदेशी जाताना ती विकून गेला होता आणि पेरूच्या बागा असलेल्या भाऊसाहेबांच्या वडिलांनी ती घेतली होती. वडील गेल्यावर भाऊसाहेबांनी ती पोटच्या पोरासारखी जपली. रोज सकाळी स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला फडकं लावू द्यायचे नाहीत. रविवारी शिर्डीपर्यंत चक्कर मारायचे. रस्त्याच्या कडेला आम्ही कामं सोडून बघायचो.

ट्रॅक्टरवरून उतरल्या त्या भाऊसाहेबांच्या मंडळी, सुमनकाकू. पासष्टीच्या घरातल्या, नऊवारी, कपाळाला भलं मोठं कुंकू. मी ताडपत्री उचलली. नाक आत गेलेलं, डावं मडगार्ड चुरगळलेलं, बॉनेटने जबडा वासलेला, रेडिएटर फुटलेला.

"काकू, झालं काय?" मी विचारलं, आणि मनाशी म्हटलं, आता ऐका.

"चूक माझीच हाय," काकू म्हणाल्या. "उसाची ट्रॉली हुबी हुती. मला दिसली हुती. चांगली लांबनं दिसली हुती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भाऊसाहेबांना काचबिंदू झाला होता. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याने नुसता उजेड कळायचा. उपचारांसाठी ते पुण्याला मुलीकडे गेले होते, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ, गाडी चालवणं विसरा. त्यांनी पुण्याहूनच निरोप धाडला, गाडी विकायची. नाशिकचा एक शौकीन घ्यायला तयार होता. भाऊसाहेब परत आल्यावर, महिनाभराने, तो येणार होता.

"गाडी गेली की ह्ये माणूस ओट्यावर बसून ऱ्हाईल," काकू म्हणाल्या. "मी वळखते ना. मग उठायचं न्हाई. म्हणून म्हनलं, आपुन शिकू. ते शेजारी बसतील, मी चालवीन. सांगनार हुते आल्यावर."

शिकल्या कशावर? तर शेतातल्या ट्रॅक्टरवर, पेरूच्या ओळींमधून. तिथेच सगळा घोळ झाला. शेतात ट्रॅक्टर पायाच्या रेसवर नाही चालवत, स्टेअरिंगपाशी एक दांडी असते, हाताची रेस. थांबायचं म्हणजे आधी हाताने दांडी वर ढकलायची, मग पाय ब्रेकवर. काकू गाडी घेऊन रस्त्यावर आल्या, ट्रॉली दिसली, आणि हात गेला दांडी शोधायला. दांडी कुठली असायला? हात चाचपडतोय, पाय रेसवर तसाच. "हाताला लायटीचं बटान लागलं," त्या म्हणाल्या. "लायटी लावून धडकले."

मी हसलो. हसायला नको होतं. पण त्याही हसल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"नीट होईल का?"

"होईल. महिना पुरेल. ठेवून जा."

"ठेवून जायला न्हाई आले," त्या म्हणाल्या. "म्या मोडली, म्याच ठोकनार. तुमी शिकवा."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काकू, हे काय धुणं आहे का? बाईमाणसाचं काम नाही, पत्रा हात कापतो, आणि मला माझ्या कामात कुणी लुडबुड केलेली चालत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिस्त्री, तुमी नीट करून दिली तर गाडी नीट हुईल. माझी भीती तशीच ऱ्हाईल. आत्ता स्टेरिंग बघितलं तरी मला कापरं भरतंय. आन् मी न्हाई चालवली, तर नीट हुऊनबी गाडी जानारच."

मी म्हटलं, उद्या जुनं पातळ नेसून या.

पहिले चार दिवस मी त्यांना गाडीला हात लावू दिला नाही. एका अँबॅसिडरचं भंगारातलं मडगार्ड दिलं. पत्र्याच्या मागे डाव्या हातात डॉली धरायची, म्हणजे मुठीएवढा गुळगुळीत लोखंडी ठोकळा, आणि पुढून उजव्या हाताने हातोडी. हातोडी मारायची नसते, टाकायची असते. मनगट सैल. ठोका डॉलीवर पडला तर टण्ण वाजतं, चुकला तर टप्प. काकू दोन दिवस नुसत्या टप्प टप्प करत होत्या आणि मी लिंबाखालून ओरडत होतो. समोरच्या चहाच्या टपरीवर गर्दी वाढली. टपरीवाल्याला मी दम भरला की बघे हटव, तर म्हणतो, "मिस्त्री, धंद्याचे दिवस हाईत, चार दिस चालू द्या की."

तोवर मी चेसिस ओढून घेतली. नाकाला मार बसला की नुसता पत्रा जात नाही, खालचा सांगाडाही हलतो. बाहेरून कितीही चकचकीत करा, सांगाडा वाकडा असेल तर गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते. मोठ्या शहरात त्याला यंत्रं होती, माझ्याकडे ओळंबा. गाडी सपाट जागेवर उभी करायची, सांगाड्याच्या चार ठरलेल्या जागांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खुणा करायच्या, गाडी बाजूला घ्यायची आणि खुणांचे कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे तर सांगाडा सरळ. डावीकडे बोटभर फरक निघाला. मागून गाडी लिंबाला बांधली, पुढून साखळी लावून चेनपुलीने ओढली. एकदम नाही. थोडं ओढायचं, बिडी ओढायची, लोखंडाला विचार करू द्यायचा, परत ओढायचं. दोन दिवसांनी कर्ण जुळले. काकूंनी स्वतः टेप धरली होती. म्हणाल्या, "आता हाडं बसली."

मग पत्रा. बॉनेटचे पोचे मी काढले, नाकाचेही मीच. डावं मडगार्ड मात्र काकूंचं. ते ठोकताना माझा जीव टांगणीला लागलेला असायचा, कारण ही काही गल्लीतली फियाट नव्हती, मडगार्ड फाटलं तर दुसरं आणायला विलायतेलाच जावं लागलं असतं.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. पोचा नव्वद टक्के निघतो, उरलेला दहा टक्के लांबी भरून बुजवतात. लांबी म्हणजे पत्र्यावर लावायचा लगदा. वाळला की घासायचा, वर रंग मारायचा, दिसायला फर्स्टक्लास. सगळे डेंटर भरतात. मीही भरायचो, खोटं कशाला बोलू. पण काकू म्हणाल्या, "रंग कसाबी असू द्या मिस्त्री, त्यांना दिसायचा न्हाई. ते हातानं बघतील."

इतकी वर्षं माझं काम लोकांनी उन्हात उभं राहून, डोळे बारीक करून बघितलं होतं. हाताने बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच. हाताला रंग फसवू शकत नाही. बोटाचं पेर आपटलं की लांबीवर बद्द वाजतं आणि पत्र्यावर खणखणीत. म्हणजे नखाएवढीसुद्धा लांबी नाही, सगळा पोचा पत्र्यातच काढायचा. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. असं काम करायची संधी आम्हाला कोण देतं?

आणि त्यात काकूंनी मला हरवलं. मडगार्डाच्या फुगवट्यावर मी हात फिरवला आणि म्हटलं, झालं, सपाट आहे. काकूंनी हातावर पदर घेतला, वरून तळहात फिरवला, परत फिरवला. "न्हाई. हितं मधी जाड हाय." मी म्हटलं, काही नाही. "मिस्त्री, पन्नास वर्सं भाकरी थापतीय. मधी जाड ऱ्हायली की हाताला कळतं, तव्यावर टाकायच्या आधी." मी खडू आडवा करून घासला. उंच असेल तिथेच खडू लागतो. काकूंनी दाखवलेल्या जागी बरोबर रुपयाएवढा पांढरा डाग उमटला. पत्रा तिथे ताणला होता. मी गॅसने ती जागा लाल केली आणि काकूंनी ओलं फडकं दाबलं. चर्र झालं आणि पत्रा आक्रसून बसला. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर ओरडणं बंद केलं. टपरीवरची गर्दीही कमी झाली, कारण बघण्यासारखं काही उरलं नाही. एक बाई काम करत होती, इतकंच.

आता माझी चूक. काकू एका रविवारी भाऊसाहेबांना भेटायला पुण्याला गेल्या होत्या. मी नाकावरून हात फिरवत होतो. उजव्या बाजूला, जाळीच्या वर, तळहाताएवढा एक उथळ पोचा होता. या अपघातातला नव्हता. मार डावीकडे बसलेला, हा उजवीकडे. जुना, कैक वर्षांचा, रंगाखाली मुरलेला. आमच्या धंद्याला एक रोग आहे, पोचा दिसला की हात स्वस्थ बसत नाही. मी मनात म्हटलं, एवढं काम केलंय तर हा तीळ कशाला ठेवायचा? चार ठोक्यांत काढला. काकूंना सांगितलंसुद्धा नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

कोपरगावच्या एका तांबटाने दिव्याच्या गोल कड्या ठोकून दिल्या. रेडिएटर झाळून आणला. रंग मी पाच वेळा मिसळला, तेव्हा तो जुना हिरवा सापडला. दिसणार नाही म्हणून वाटेल तो रंग मारणं माझ्याच्याने होईना. भाऊसाहेब यायच्या आदल्या दिवशी गाडी त्यांच्या शेडमध्ये नेऊन लावली. गाडी मी चालवली. काकू शेजारी बसल्या, हात मांडीखाली दाबून.

"तुमी उद्या या," त्या म्हणाल्या. "माझ्या एकटीच्यानं बोलवनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जीप आली. भाऊसाहेब काळा चष्मा लावून उतरले. वाळलेले दिसत होते. ओट्याकडे न जाता म्हणाले, "फडकं द्या." प्रवासातून आलेला माणूस आधी पाणी मागतो, यांनी फडकं मागितलं. शेडमध्ये आले, खांबाला हात लावून अंदाज घेतला आणि गाडीच्या उजव्या बाजूने पुसायला सुरुवात केली. काकू दाराशी उभ्या. मी त्यांच्यामागे.

नाकाशी हात आला आणि थांबला. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. नुसता तळहात ठेवला, गोल फिरवला, परत फिरवला.

"हितला पोचा कुठं गेला?"

भाऊसाहेब आमच्याकडे न वळता म्हणाले, "गाडी आणली त्या दिवशी बाबांनी नारळ फोडला. दगडावर फोडायचा, तर ह्यांनी गाडीच्याच टाळक्यात हाणला. नव्या बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर फोडतात तसा. आईनं लई बोल लावला. आमी समदे हसलो. त्याच साली बाबा गेले. मी तो काढू दिला न्हाई कधी."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यभर ज्या हाताचा तोरा मिरवला, तो हात कुठे लपवू कळेना. मी पुढे झालो आणि म्हटलं, "भाऊसाहेब, मी काढला. दिसला म्हणून काढला. म्हणत असाल तर परत पाडून देतो."

"तुझ्या हातचा पोचा मला काय करायचाय, मिस्त्री?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "पन तू नाकापाशी आलाच कशाला?"

तेव्हा काकूंनी सांगितलं. शेतातला ट्रॅक्टर, ट्रॉली, दांडी शोधणारा हात, धडकेपर्यंतचं सगळं. आपली चूक लपवली नाही, माझ्यावरही काही ढकललं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमाला शेजारी बसवून फिरवनार हुते. ऱ्हायलं ते. उद्या तो नाशिकचा येईल, त्याला द्यायची तर द्या."

भाऊसाहेब परत गाडीकडे वळले आणि पहिल्यापासून सगळं पुढचं अंग तपासायला लागले. बॉनेट, नाक, दिव्यांच्या कड्या. मध्येच बोटाचं पेर आपटायचे, खणखणीत वाजायचं. मग डावं मडगार्ड. तिथे त्यांचा हात रेंगाळला. दुसरा हातही ठेवला.

"ही ठोक तुझी न्हाई," मला म्हणाले. "बॉनेटवर तुझा ठोका लांब लागला. हा गोल गोल हाय. कुणी केलंय?"

"म्या," काकू म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हात तसेच ठेवले. बाहेर बागेत पेरू तोडणाऱ्या बाया बोलत होत्या, तेवढाच आवाज. माझं काम बघून लोक वा म्हणायचे, हसायचे, भांडायचे. असं उभं राहिलेलं कुणी मी पाहिलं नाही, आणि मी ठोकलेल्या पत्र्यावर तर नाहीच. मला त्या मडगार्डाचा हेवा वाटला. खरंच वाटला.

"नाशिकच्याला फोन करायचा," शेवटी ते म्हणाले. "येऊ नको म्हणावं."

मग चाचपडत ते डाव्या दाराशी गेले. त्या बाजूने ते कधी बसलेच नव्हते, दाराची कडी त्यांना सापडेना. मी उघडून दिली. आत बसल्यावर त्यांनी पाय लांब केले, जरा अवघडले, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "चल. कुठं धडकलीस ती जागा दाखव मला."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, दुसरं काय करणार? त्या बसल्या. किल्ली दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा गाडी चालू झाली. पहिल्या गिअरमध्ये गाडी शेडबाहेर आली, बागेच्या वाटेने निघाली आणि पहिल्याच गिअरमध्ये चालत राहिली. काकू गिअरला हात लावायला धजत नव्हत्या. इंजिन ओरडायला लागलं, मी डाव्या खिडकीशेजारून पळत होतो, त्या वयाला शोभणार नाही असा.

भाऊसाहेबांनी मान जरा तिरकी केली, इंजिनाकडे कान लावला.

"आता," ते म्हणाले. "आता दुसरा टाक."

खरकन आवाज झाला. मग दुसरा पडला, आणि गाडी फाटकातून कोपरगावच्या रस्त्याला लागली.